मोठ्या श्वासाची गाडी

"दम घेऊ दे तिला," असं म्हणून मिस्त्री डावा हात वर करायचे, आणि समोरच्याचं वाक्य तोंडातच राहायचं. ती म्हणजे कोण, हे ज्याचं त्याने ओळखायचं. कधी गाडी, कधी शेगडीवरचा चहा, आणि एकदा तर चढ चढून धापा टाकत आलेल्या आमच्या सरपंचबाई.

रेवदंड्याला माझं शिवणकामाचं दुकान आणि मिस्त्रींचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. पलीकडे इंजिन गुरगुरलं की माझी टीप वाकडी जायची. मी भिंतीवर कात्री आपटायची. "बाय, दोन मिनटं," असं पलीकडून यायचं. त्या दोन मिनटांत माझी दुपारची जेवणं आटपून भांडीही घासून व्हायची. आता पलीकडे शांत असतं आणि टिपा सरळ येतात. त्याचं मला काडीचं कौतुक नाही.

मिस्त्री अर्धं आयुष्य दुबईला होते. तिथल्या शेखांच्या शर्यतीच्या गाड्या खोलायचं काम. कायमचे परत आले तेव्हा अत्तर, बदाम, कांबळी येणार म्हणून सगळं घर ओसरीवर वाट बघत बसलेलं. मिस्त्रींनी बॅग उघडली. टॉवेलात गुंडाळलेले दोन लोखंडी दांडे आणि डबाभर स्प्रिंगा. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या भाभीने, एक स्प्रिंग उचलून शांतपणे विचारलं की ही उकडायची की तळायची?

त्या दांड्यांबद्दल मी इतकं ऐकलंय की झोपेतही सांगेन. त्याला कॅम म्हणतात. दांड्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्ह ढकलून उघडतो, इंजिन श्वास घेतं, आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह परत मिटवते. मिस्त्रींच्या दांड्यांवरचे उंचवटे मोठे. व्हॉल्व्ह जास्त उघडणार, जास्त वेळ उघडा राहणार, इंजिन छाती भरून श्वास घेणार. मात्र गाडी सुसाट सुटली की जुन्या ढिल्या स्प्रिंगांना तो वेळेवर मिटवता येत नाही आणि पिस्टन वर येऊन त्याच्यावर आपटतो. म्हणून स्प्रिंगाही कडक हव्यात. हे सगळं बसवायचं होतं दारातल्या जुन्या चौकोनी मोटारीत. त्या गाडीपेक्षा माझ्या शिलाई मशीनला जास्त रुबाब होता.

मिस्त्रींना एकच मुलगी, नजमा. बाहुल्यांच्या वयात तिने गॅरेजातले पाने-पकडी ओळखायला शिकून घेतलं. तिचं लग्न दिवेआगरच्या एका मुलाशी ठरलं. वाडी आहे, घरगुती राहण्याजेवणाचा धंदा आहे, मुलगा गुणी. नजमाला तो आवडला होता, हे तिच्या मापं देताना गुणगुणण्यावरून मला कधीच कळलं होतं. मिस्त्रींनी पहिल्याच बैठकीत अट घातली. नवरी माझ्या गाडीतून जाईल, आणि गाडी मी चालवेन. पाहुणे हो म्हणाले. बिचाऱ्यांना काय माहीत गाडी कुठली ती.

मग सुरू झालं. पाहुण्यांचा तारखेसाठी फोन आला की मिस्त्री सांगायचे, इंजिन होऊ दे. आधी कॅम बसला. मग स्प्रिंगा नरम वाटल्या म्हणून दुसऱ्या मागवल्या. त्या इतक्या कडक निघाल्या की पुन्हा सगळं उघडलं. मी लग्नाचा घागरा शिवून, इस्त्री करून, टांगून ठेवलेला, आणि नवरीची गाडी अजून विटांवर.

त्यात ती उकडीची भानगड. उघडलेला व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात जागा किती उरते ते बघायला पिस्टनवर माती थापतात, इंजिन हाताने एक फेरा फिरवतात, आणि उघडून ठसा बघतात. मिस्त्रींना पाहिजे तशी माती इकडे मिळेना. कणीक लावली तर ती चिकटून ताणली गेली. नजमा म्हणाली, तांदळाची उकड घ्या. भाभीने भाकऱ्यांसाठी मळलेला गोळा इंजिनात गेला आणि असा सुरेख ठसा उमटला की मिस्त्री तो ताटलीत घेऊन नाक्यावर सगळ्यांना दाखवत फिरले. अजून तो मोजायचा होता. ताटली माझ्या टेबलावर ठेवून ते नमाजाला गेले, आणि आमच्या ह्यांनी, देवा, चटणी लावून ठसा खाल्ला. वर म्हणतात, उकड जरा तेलकट होती.

आता मिस्त्री दोघांनाही उभं जाळणार म्हणून मी घाबरले. तर माणूस खूश! चेहरा असा उजळला की बघत राहावं. "हरकत न्हाय," म्हणाले, "परत खोलावा लागंल."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा बाबा गाडी करत नव्हता. गाडी होऊ देत नव्हता. ती झाली की मुलगी जाणार, एवढं साधं गणित.

नजमाला ते माझ्या आधीच कळलेलं असणार. दुसऱ्या दिवशी मिस्त्री नमाजाला गेल्यावर भिंतीपलीकडून पान्याचा आवाज येत राहिला. तिने नवा ठसा घेतला, मोजला, सगळं जागेवर बसवलं, आणि बाप दारात आल्यावर चावी त्यांच्या हातावर ठेवली. म्हणाली, "झाली, अब्बा. त्यांना तारीख सांगा." मिस्त्री चावीकडे बघत उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही.

गाडी सुरू केली की अडखळायची, धडधडायची, दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकायची. मोठ्या कॅमचं हे असंच, उभ्या गाडीत नीट श्वास लागत नाही, पळायला लागली की खरी. पण गावाला कोण सांगणार? येणारा जाणारा हळहळायचा. "मिस्त्री, आजारी हाय काय?" शेजारच्या म्हातारीने तर लिंबू मिरच्या आणून दिल्या.

लग्न लागलं. नवरदेवाला त्याच्याच वऱ्हाडाच्या गाडीत बसवला. आमच्या गाडीत मिस्त्री, शेजारी भाभी, मागे नवरी आणि तिचा घागरा सांभाळायला मी. काशीद, मुरूड करत आगरदांड्याला आलो, चार तिकिटं काढून फेरीबोटीत चढलो, दिघीला लागलो. नेमकी ओहोटी. बोटीपुढे धक्क्याचा ओला, शेवाळलेला चढ. वऱ्हाडाची गाडी वर गेली. आमची अर्ध्यात जाऊन बंद पडली.

पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मिस्त्री ती इतकी हळू चढवत होते, जणू मांडीवर दुधाचं पातेलं आहे. तिसऱ्या वेळी गाडी चक्क मागे सरकली. भाभी दुआ पुटपुटायला लागली, मी गणपतीला बोलावलं. मागे बर्फाचा टेम्पो हॉर्न मारत सुटला. नवरदेव वरून धावत आला आणि पांढऱ्या शेरवानीत गाडी ढकलायला लागला.

मागच्या सीटवरून नजमा म्हणाली, "अब्बा, तुम्ही तिला हळू चालवताय. हळू चालायला ती केलीच नाही तुम्ही."

मिस्त्रींनी पुन्हा चावी फिरवली.

"उतरा, अब्बा."

"नवरी हायस तू."

"उतरा."

आम्ही सगळे उतरलो. नजमाने घागरा गुडघ्यांवर गोळा केला. मी दोन महिने खपून शिवलेला घागरा, जीव नुसता वरखाली झाला माझा. ती पुढे बसली आणि इंजिन असं किंचाळवलं की धक्क्यावरचे बगळे उडाले. मग क्लच सोडला. गाडी एकदा घसरली आणि बाणासारखी वर गेली. ढकलणारा नवरदेव तिथेच शेवाळात गुडघ्यांवर.

वर जाऊन ती थांबली. गाडी तिथे धडधडत, अडखळत उभी. खिडकीतून डोकं काढून नजमाने हाक मारली, अब्बा, या ना. नवरदेव गुडघे झटकत वर पोचून तिच्या शेजारी बसला होता. मिस्त्री खालीच उभे. इतके महिने जे त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं ते तेव्हा निघालं.

"जा," ते ओरडले. "जा, नजू. थांबलीस तर बंद पडंल."

ती गेली. आवाज बोर्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. मी सरळ रडले. भाभी रडली. मिस्त्री नुसते रस्त्याकडे बघत राहिले.

परत जायला आता गाडी नव्हती. आम्ही चालतच त्याच बोटीकडे आलो. तिकीटवाल्याने विचारलं, किती?

"चार," मिस्त्री म्हणाले.

तो आम्हा तिघांकडे बघायला लागला. भाभीने मान हलवली, फाड म्हणून. त्याने चार फाडली.