दुपारी बारा वाजता रात्र

माझे आई-वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं ते परळीच्या काका-काकूंनी. काका औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. तिथे खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्यांना पाळी संपल्यावर कळायचं. त्यामुळे डोळ्यांपेक्षा मीटरवर विश्वास ठेवायची सवय त्यांना लागली आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. घरात ताप मोजायला थर्मामीटर लागायचाच. कपाळाला हात लावून बघणाऱ्या काकूंना ते अडाणी म्हणायचे.

तेव्हा बाजार खुला होऊन बरीच वर्षं झाली होती आणि परळीसारख्या गावातही परदेशी वस्तू घरोघरी दिसायला लागल्या होत्या. काकांचे जावई अमेरिकेच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर नोकरीला होते. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी काकांच्या जुन्या गाडीसाठी रस्ता दाखवणारं जीपीएस यंत्र आणलं आणि रबरी चकतीने पुढच्या काचेला चिकटवून दिलं. आपल्याकडचा नकाशा त्यात नव्हता. नुसत्या कोऱ्या पडद्यावर एक बाण आणि कोपऱ्यात वेग. पण एक करामत होती. दिवसा पडदा पांढरा आणि रात्री आपोआप काळा व्हायचा, डोळ्यांना त्रास नको म्हणून. यंत्रातलं घड्याळ मात्र तिकडचंच राहिलं होतं, म्हणजे आपली सकाळ ती त्याची संध्याकाळ. त्यामुळे परळीत सकाळी सात वाजून गेले की पडदा काळा पडायचा आणि संध्याकाळी सातनंतर लख्ख उजाडायचं.

मी म्हटलं, "काका, घड्याळ बदलू या का?"

"चालू सेटिंगला हात लावायचा न्हाई," काका म्हणाले. कंट्रोल रूममधला तो त्यांचा नियम होता.

त्याच महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी रात्री गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं. काकूंनी ते पाठ करून ठेवलं. एकदा अंबाजोगाईला लग्नाला गेलो असताना निघायला रात्रीचे आठ वाजले. काकूंनी किल्ली मागितली. काकांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

"हे बघ. दिवस हाय."

"बाहेर अंधार हाय."

"तुझ्या डोळ्याला. मशीनला न्हाई."

आणि त्यांनी गाडी घरापर्यंत आणली. काकू वाटभर यंत्राकडे बघत राहिल्या. त्या अशा बघायला लागल्या की मला नेहमीच भीती वाटायची.

पुढच्या रविवारी आष्टीला मुलगी बघायला जायचं होतं. मुलगी माझ्यासाठी. तिच्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि त्यांनी एक वाजता जेवायलाच बोलावलं होतं. आम्ही सकाळी साडेसातला निघालो, तेव्हा पडदा नुकताच काळा झाला होता. केज जाईपर्यंत सगळं नीट चाललं. नेकनूरच्या अलीकडे मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "रात्र हाय. लाईट लावा."

काकांनी आरशात त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. मला वाटलं आता हसतील. त्यांनी लाईट लावले.

मग समोरून येणारा प्रत्येक जण हाताची मूठ उघडमीट करून आम्हाला खुणावू लागला. ट्रकवाले, मोटारसायकलवाले, बैलगाडीवाला. लाईट चालू आहेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. काकाही तशीच मूठ उघडमीट करून उत्तर देत राहिले, ओळखीचे असल्यासारखे.

मांजरसुंबा ओलांडून कपिलधारच्या फाट्यापाशी आलो तेव्हा काकूंनी दुसरी गोष्ट काढली.

"डॉक्टरनी रात्री गाडी चालवायला मना केलंय. थांबवा."

"दुपार हाय की," काका म्हणून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. दुपार आहे असं कबूल केलं असतं तर अंबाजोगाईहून गाडी रात्री चालवत आणली असं ठरत होतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मी दोघांनाही समजावून बघितलं. काका म्हणाले, "मीटर काय म्हणतंय ते बघायचं." काकू म्हणाल्या, "मी कुठं काय म्हणतेय? मशीनच म्हणतंय." पाऊण तास तसाच गेला. एक मेंढपाळ येऊन गाडीत वाकून बघून गेला. त्याने विचारलं, "कावून थांबलाव?" काका म्हणाले, "रात्र हाय." तो आभाळाकडे बघून मेंढरं हाकत गेला.

शेवटी गाडी मी चालवायची ठरली. माझ्याकडे लायसन्स होतं, पण मैदानाबाहेर मी कधी गाडी काढली नव्हती. तिसऱ्या गिअरच्या वर मी गेलोच नाही. शिवाय काका शेजारी बसून सांगत होते, "रात्रीचं हळू घ्यावं." पाटोद्यात पेट्रोल भरलं, तेव्हा पंपावरच्या माणसानेही मूठ उघडमीट केली. मी मान डोलावली.

आष्टीला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मुलीचे वडील दारात उभे होते. पांढरा झब्बा, चेहऱ्यावर राग, पण आवाज पाहुण्याशी बोलताना असावा तसा.

"पाव्हणं, लई उशीर केला?"

"वाटेत रात्र झाली," काका म्हणाले.

त्यांनी दारातून बाजूला होत वाट दिली. मग म्हणाले, "या. हात-पाय धुवा."

जेवण गार झालेलं होतं. काकांनी जेवता जेवता सगळी हकीकत गंभीरपणे सांगितली, मध्ये मध्ये काकूंनी दुरुस्त्या केल्या. मुलगी चहा घेऊन आली. ठरलेले प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. तिनेच मला विचारलं, "तुम्हाला उजेड दिसत होता का?"

"दिसत होता."

"मग बोलला का नाही?"

"दोघंही माझ्यापेक्षा मोठे आहेत."

तिने मान हलवली. पटलं म्हणून की कीव आली म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं की ती विषय बदलते.

सात वाजून गेले, आता पडदा पांढरा झाला असणार, या हिशेबाने काका उठले. "उजाडलं. निघू या."

काकू म्हणाल्या, "आता मशीन नका बघू. बाहेर बघा."

"दुपारी तू कुठं बघत व्हतीस?"

मुलीचे वडील दोघांच्या मधे उभे राहिले आणि म्हणाले, "कुणाचं का खरं असंना, तुमी आज इथंच राहायचं." आम्ही राहिलो.

सकाळी गाडी चालू होईना. मी लाईट बंद करायचे विसरलो होतो, बॅटरी उतरली होती. मी, मुलीचे वडील, दोन शेजारी आणि साडीचा पदर खोचून ती मुलगी, अशा सगळ्यांनी गाडी ढकलली. काका स्टिअरिंगवर. यंत्राच्या हिशेबाने अजून दिवस होता, त्यामुळे काकूंची हरकत नव्हती. गाडी सुरू झाल्यावर मुलीचे वडील पुढचं दार उघडून आत बसले.

"मी जामखेडपर्यंत येतो. ती रात्र कशी पडती ते बघायचंय."

समोर सूर्य वर येत होता. जामखेडच्या अलीकडे पडदा काळा झाला. ते थोडं पुढे वाकले, पडद्याकडे पाहिलं, मग काचेतून उन्हाकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"पडली," ते म्हणाले. आवाजात आदर होता.

काकांनी गाडी थांबवून किल्ली माझ्याकडे दिली. जामखेडच्या एसटी स्टँडवर मुलीचे वडील उतरले. आष्टीची गाडी लागलेलीच होती. खिडकीत वाकून त्यांनी काकांना सांगितलं, "आमची पसंती हाय. तारीख मात्र पंचांग बघून काढू."

"वेळ?" काकूंनी विचारलं.

"वेळ पण पंचांगातलीच," ते म्हणाले आणि धावत जाऊन एसटीत चढले.