दुपट्ट्याखालचा हात

त्या व्हिडिओत दुपट्ट्याखाली जाणारा हात माझा असायला हवा होता. तो आहे माझ्या दुकानासमोरच्या शिंप्याचा.

शेगावात स्टेशनच्या रस्त्याला माझं कटपीसचं दुकान आहे. नवरा गेल्यावर रस्त्याच्या कडेला ब्लाउजपीस मांडून सुरुवात केली आणि भाव करता करता दुकान उभं राहिलं. भाव करणं मी वडिलांकडून शिकले. ते संग्रामपूरकडच्या बैलबाजारात दलाल होते. तिथे सौदा तोंडानं होत नाही. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा दाबला तर पाच. एक म्हणजे दहा, शंभर की हजार, ते माल पाहून दोघांनाही कळतं. वडिलांचा डबा घेऊन जायची, तेव्हा त्यांनी गंमत म्हणून ते माझ्या हातावर शिकवलं. बाजारात बाईला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून ते माझ्यापाशी तसंच पडून होतं.

नायजेरियातून इंजिनिअरिंग शिकायला आलेला एक पोरगा माझ्याकडून कापड न्यायचा. गाणी करायचा. लेगोसमधली पोरं खोलीत बसून लॅपटॉपवर गाणी करतात आणि जगभर ऐकली जातात, असं सांगायचा. तीन वर्षांत आमची बोली बोलायला लागला होता. मी कापड फाडताना होणारा फर्र आवाज त्यानं मोबाइलमध्ये भरून घेतला.

मी म्हटलं, "येचं काय करतं बे?"

"तबला, मावशी. तुमचा तबला."

त्याला मी बोटांची भाषा शिकवली. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, दुपट्टा टाकला आणि अर्धा तास त्याचा पंजा दाबत बसले. इतका मन लावून शिकणारा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता. माझ्या सख्ख्या मुलानंसुद्धा हे कधी विचारलं नाही.

सुट्टीत त्याची मावसबहीण आली. जन्म लंडनचा, आईबाप लेगोसचे. ती कपडे करायची, तरुण पोरं रस्त्यावर घालून मिरवतात तसे. माझ्या दुकानातले पांढरे, निळ्या काठाचे सुती दुपट्टे पाहून ती थांबली. आमच्याकडे लग्नात, तेरवीला, सत्काराला दुपट्टा-टोपी देतात. तो दुपट्टा कोणी वापरत नाही. या घरातून त्या घरात जातो आणि घडी न मोडता परत येतो. तिला त्याची जॅकेटं करायची होती, भावाच्या गाण्यासाठी. दोघांनी ठरवलं होतं की गाण्याच्या व्हिडिओत सौदा दाखवायचा. एक हात भावाचा, दुसरा माझा. मी त्या दिवशी बांगड्या बदलल्या होत्या.

आधी दुपट्ट्यांचा भाव ठरायचा होता. तीस नग. मी तिच्या हातावर दुपट्टा टाकला आणि बारा बोटं सांगितली, म्हणजे एकशे वीस. बोटं तिला भावानं शिकवली होती. तिनं शांतपणे माझा पंजा दाबला आणि वर दोन बोटं धरली. सात. सत्तर रुपये.

सत्तर माझी खरेदी होती. नेमकी.

मी हात काढून घेतला. हे हिला कुणी सांगितलं? मग आठवलं. पोराला शिकवताना उदाहरण म्हणून मी हातातल्याच दुपट्ट्याची खरेदी त्याच्या पंजावर दाबली होती. ज्या हातानं कुणाला खरा भाव सांगितला नाही, त्याच हातानं फुकट सांगून बसले होते.

चूक माझी होती, पण राग त्यांच्यावर निघाला. "चोर साले! माह्या घरात शिकता आन मलेच कापता?"

पोरगा म्हणाला, "मावशी, थे मजाक करून राह्यली. तुम्हीच तर शिकवलं."

"निघा. दोघंबी निघा."

ते रस्ता ओलांडून शिंप्याकडे गेले. त्याच्या पेटीत बापाच्या तेरवीपासूनचे दुपट्टे साचले होते. त्यानं सगळे फुकट दिले, जॅकेटं शिवून दिली, वर हातही दिला.

गाणं आलं. गावातली पोरं शिंप्यासोबत फोटो काढायला लागली. मी ते मोबाइलवर किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. सुरुवातीलाच माझं कापड फाटतं, फर्र, आणि ते माझं आहे हे कोणालाच माहीत नाही. मग शिंपी हात घालतो. वरच्या कापडाच्या हालचालीवरून मला कळतं की तो काहीच बोलत नाहीये, नुसता खाजवल्यासारखा बोटं हलवतो आहे.

"ताई, पाह्यलं का?" त्यानं समोरून विचारलं.

"पाह्यलं. भाऊ, तुमी कपाशी येचून राह्यले होते का आत?"

तो हसला. त्याला लागलंच नाही.

परीक्षा संपल्यावर पोरगा निरोप घ्यायला आला. अंगात तेच जॅकेट, पाठीवर निळा काठ. "मावशी, चाललो मी. राग गेला का?"

राग गेला नव्हता. मी काउंटरवरचा दुपट्टा उचलून त्याच्या हातावर टाकला. जॅकेटकडे मानेनं खूण केली. भाव बोल.

त्यानं माझा पंजा दाबला, परत दाबला, दहा. मी त्याचं एक बोट धरलं. तो आठवर आला. मी बोट सोडलं नाही. समोर शिंपी शिलाई थांबवून दारात आला होता. त्याला आतलं काही दिसत नव्हतं आणि पोरानंही मोबाइल काढला नव्हता. खूप वेळानं त्यानं माझं एक बोट धरलं. एक म्हणजे काय, ते त्याला न सांगता कळलं. त्यानं जॅकेट काउंटरवर ठेवलं आणि बदल्यात हातावरचा तो एक दुपट्टा खांद्यावर टाकून गेला.

जॅकेट मी दुकानाच्या दर्शनी भागात टांगलं, शिंप्याला दिसेल असं. विकायचं नाही. लोक थांबतात, हात लावून पाहतात आणि विचारतात, "कोणी शिवलं वो?"

मला समोर बोट दाखवावं लागतं.

"पाठवत राहा, ताई," शिंपी तिकडून ओरडतो.

दोनदा काढून कपाटात ठेवलं आणि दोन्ही वेळा सकाळी परत टांगलं. घेतलं कसं, असं कुणी विचारलं तर सगळं सांगायची माझी तयारी आहे. अजून कोणी विचारलेलं नाही.