काणीची कमान

माझ्या धाकट्या भावाची अमेरिका मी एका सकाळीत उपटून टाकली. (मुळासकट! अर्धवट काम मला जमत नाही.)

साठच्या दशकातली गोष्ट. सदा शेतकी कॉलेजात उसाच्या रोगांचा अभ्यास करत होता. उसाला काणी होते, म्हणजे शेंड्यातून काळा चाबूक निघतो आणि हात लागला की त्यातून काजळी झडते. ती काजळी म्हणजेच रोगाचं बी. रहिमतपूरजवळच्या आमच्या मळ्यात काणी भरपूर. आबांना, म्हणजे वडिलांना, तिची लाज वाटायची आणि सदाला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या! उसाच्या प्रत्येक रोगट बेटाला त्यानं आकडा घातलेली लाल चिंधी बांधली होती. अमेरिकेतले एक प्राध्यापक डॉक्टरेटसाठी एकच विद्यार्थी निवडणार होते, आणि सदाचं काम बघायला थेट मळ्यात येणार होते.

सदा त्यांना आणायला पुण्याला गेला. पाहुण्यांचं करायला मी सांगलीहून माहेरी आले, मळा बघितला आणि माझं डोकंच फिरलं.

"आबा, सातासमुद्रापल्याडनं माणूस येनार, अन् त्याला ही काजळी दावनार?"

"सदा म्हनला, ऊस दावायचाय."

"मग? चिंध्या बांधून ठेवल्यात की त्यानं! उपटायला सवड घावली नसंल बिचाऱ्याला."

आमच्याकडं चिंधी बांधायची ती उपटायच्या बेटालाच. दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येणार? गडी लावले, मी पदर खोचला आणि दुपारपर्यंत मळा लख्ख!

उपटलेला ऊस जाळायचा असतो. पण ऊस बारीक, छान वाकणारा, वर काळे डौलदार तुरे. फुकट कशाला घालवायचा? घराच्या दारात कमान केली! लाल चिंध्या तशाच ठेवल्या. (पताका वाचल्या.)

दुसऱ्या दिवशी जीप सरळ मळ्यावर आली. सदा ऐटीत उसात शिरला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला.

"अक्का, काणी कुठाय?"

"एक बेट ठेवलं न्हाई बघ!" शाबासकीसाठी मी उभीच होते.

सदा मटकन बांधावर बसला. "अक्का, ती माजी अमेरिका हुती गं!"

मग उठून शेजारच्या बापूतात्यांकडं धावला.

"तात्या, तुमच्या उसात काणी हाय का?"

"तोंड सांभाळ रं! आमच्या तीन पिढ्यांत न्हाई!" (त्यांच्या मागंच तीन काळे चाबूक डुलत होते.)

"असली तर लय उपकार हुतील, तात्या! साहेबाला दावायचीय."

"साहेबाला? आता परदेशात अब्रू घालवतोस व्हय माजी?" तात्यांनी काठी आडवी धरली. त्यांच्या रानात पाऊल टाकायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी चहाला सगळे घरी आले. सदाचं तोंड सुतकी. मी आरतीचं ताट घेऊन दारात. साहेब उंच माणूस, कमानीत डोकं अडकलं आणि धप्पकन काजळी खाली आली! टोपी काळी, नाक काळं, पांढरा सदरा तर बघवेना.

"गेली अमेरिका!" आबा पुटपुटले. "आता च्या तरी घेतोय का बघ."

साहेबांनी वर बघितलं, खिशातून भिंग काढलं आणि लहान पोरासारखी आरोळी ठोकली. पुढं तासभर ते आणि सदा कमानीखाली चिंध्यांवरचे आकडे लावत उभे! चहा मी दोनदा गरम केला. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि सदानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी दाराआड! साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला. साफ केलेल्या मळ्यात रोग परत येईल का, आणि कुठून, असं विचारत होते म्हणे. सदा बोलायला लागला तो थांबेना. मला इंग्रजी कळत नव्हतं, पण साहेब आता ऊस सोडून सदाकडंच बघत होते, एवढं कळलं.

दोन महिन्यांनी निवडीची तार आली.

पुढच्या वर्षी मळा साफ राहिला. फक्त कमान होती त्या दारापासून विहिरीपर्यंतचा ऊस काणीनं नुसता काळा! मी इमानानं अमेरिकेला कळवलं. सदाच्या प्रबंधाला त्याचा फार उपयोग झाला.

डॉक्टर होऊन आल्यावर त्यानं मला तो जाडजूड प्रबंध दाखवला. रोग पसरण्याची कारणं त्यानं मराठीत वाचली: बेणं, वारा आणि मानवी हस्तक्षेप.

"हे तिसरं काय रे?"

"तूच की, अक्का," तो म्हणाला. "तिकडं नातं लिहीत न्हाईत."