गुरम्माक्काची बंद गिरणी

नादविहार संगीत सभेचे सभासद स्वतःला मोठे जाणकार समजत. समजोत बापडे. पण ज्या शांततेत त्यांच्या मैफली व्हायच्या, ती शांतता सोलापुरातल्या बाळीवेशीजवळच्या त्या गल्लीत आपोआप उगवत नव्हती. ती गुरम्माक्का देत होती. सभेची जागा म्हणजे अध्यक्ष बसलिंगप्पा यांच्या चादरींच्या गोदामाची माडी, आणि माडीच्या बरोबर समोर, बारा पावलांवर, गुरम्माक्काची पिठाची गिरणी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मैफल असायची, हंगामात पाच. त्या पाच सकाळी गुरम्माक्का गिरणीचा खटका बंद करून दारात बसायची आणि डबे घेऊन आलेल्या बायकांना परत पाठवायची. "बारा वाजल्यावर या. समोर गाणं चाललंय." असं सात वर्षं चाललं होतं. सात वर्षांत तिला 'वर येऊन बस' असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

बाई पन्नाशीची. गळ्यात लिंग, भुवयांवर पीठ, आणि आवाज असा की टपाल कचेरीपर्यंत जावा. नवरा गेला तेव्हा दीर गिरणी विकायला निघाले होते. हिनं पदर खोचला आणि पट्टा चढवायला शिकली. वीस वर्षं तिनं दळण दळलं, त्यावर दोन पोरींची लग्नं लावली, तिसरी काशम्मा अजून घरात होती. डब्याचं झाकण उघडून ती नुसता वास घ्यायची आणि गिऱ्हाइकालाच झापायची, "मंगळवेढ्याची ज्वारी म्हणून गळ्यात मारली व्हय तुझ्या? भिजलेली हाय ही. जा, दे परत त्याला." तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

मग आली आणीबाणी. जिकडेतिकडे शिस्तीच्या पाट्या लागल्या आणि बसलिंगप्पांच्या अंगात शिस्त संचारली. महिन्यातून एक सकाळ शांतता त्यांना पुरेना. त्यांना माडीवर रोजचा संगीतवर्ग काढायचा होता, भिंतीवर स्वतःचं नाव कोरलेला संगमरवर लावायचा होता. एवढं सगळं करायचं तर समोरची गिरणी जायला हवी होती. माणूस तसा वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात काही बसलं की सुटायचं नाही, आणि पैसेवाल्याच्या डोक्यातलं कुणी बाहेर काढायलाही जात नाही.

जानेवारीच्या शेवटी गुरम्माक्काच्या हातात एक सरकारी कागद पडला. तिला वाचता येत नव्हतं. नेमके त्याच वेळी सभेचे चिटणीस शिवयोगी मास्तर गव्हाचा डबा घेऊन आले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, स्वभावानं गायीपेक्षा गरीब. अक्कानं कागद त्यांच्यापुढे धरला. "वाचा की जरा, मास्तर."

मास्तरांचा चेहरा पिठासारखा झाला. गिरणी चालू होती, त्यामुळे त्यांना ओरडून वाचावं लागलं. गिरणीमुळे सार्वजनिक शांततेचा भंग होतो असा तक्रारअर्ज आलेला आहे, सोबत प्रत जोडली आहे, परवाना रद्द का करू नये याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. प्रतही वाचावी लागली. 'कर्णकर्कश', 'असंस्कृत', 'सत्वर उच्चाटन' हे शब्द मास्तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातील असे ओरडले.

अक्कानं खटका बंद केला. कागद उलटासुलटा करून पाहिला.

"अक्षर लई देखणं हाय. कुणाचं?"

मास्तरांनी डबा खाली ठेवला. "माझंच," ते म्हणाले. "बसलिंगप्पा अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं. चुकलं माझं, अक्का."

तिनं त्यांना शिवी दिली नाही, हे मास्तरांना जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांना शांतता पायजे व्हय? देऊ की."

पुढल्या रविवारी हंगामातली चौथी मैफल होती, बेळगावकडचे सतारिये तिप्पण्णाबुवा यांची. अक्कानं सोमवारीच गिरणीला कुलूप घातलं. एका सकाळपुरतं नव्हे, आठवडाभर. गल्लीतल्या गिऱ्हाइकांना तिनं पुढच्या पेठेतल्या गिरण्यांकडे पाठवलं, आणि त्याआधी स्वतः जाऊन त्या गिरणीवाल्यांना कागद दाखवून आली. आज माझी बंद करायला निघालेत, उद्या तुमची करतील, एवढं सांगणं पुरलं. सोलापुरात डब्यावर घरवाल्याचं नाव कोरलेलं असतं. सभेच्या कमिटीतल्या कुणाचा डबा दिसला की गिरणीवाले झाकणावरचं नाव वाचायचे आणि म्हणायचे, "पट्टा तुटलाय." एका सभासदाच्या बायकोनं शेजारणीचा डबा नेला, तर डबा शेजारणीचा पण बाई कुणाची हे त्यांना माहीत होतं. पट्टा परत तुटला.

आता भाकरीवर जगणाऱ्या माणसाला पीठ किती दिवस पुरणार? ज्वारीचं पीठ जुनं झालं की थापताना भाकरी चिरते, म्हणून घरोघर चार दिवसांचंच दळतात. बुधवारपर्यंत कमिटीची घरं भातावर आली. गुरुवारी फडताळातली कडक भाकरी निघाली. मोठमोठे जाणकार ती आमटीत बुडवून खाऊ लागले आणि बायकांची तोंडं चुकवू लागले.

इकडे अक्काला भलतंच काही कळलं. गिरणी बंद करून ती दारात बसली तर तिला वाटलं, अख्खी गल्ली कुजबुजतेय. मुद्दाम, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. दोन दिवस ती धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं काशम्मालाच धरलं, "तू पण त्यांच्यातच सामील झालीस व्हय गं?" पोरीनं जवळ येऊन सांगितलं, "अव्वा, कुणी कुजबुजत न्हाय. तुलाच ऐकू येत न्हाय." गिरणीत सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, खुद्द अक्काच्याही नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. पट्ट्यानं बोट नेलं असतं तर तिनं चिंधी बांधून दळण चालू ठेवलं असतं. पण कान असे न सांगता गेले याचं तिला वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. आणि ज्या गिरणीनं ते नेले त्या गिरणीसाठीच आपण भांडतोय, हेही तिला दिसत होतं. पण गिरणी गेली तर काशम्माला खायला काय घालायचं, याचं उत्तर कानांत नव्हतं.

शनिवारी सकाळी तिप्पण्णाबुवा रेल्वेनं आले आणि गोदामाला लागूनच असलेल्या बसलिंगप्पांच्या घरी उतरले. वय सत्तर, बोटं अजून चपळ, तोंडात दात एकही नाही. बसलिंगप्पांच्या बायकोनं, कमलम्मानं, भात वाढला. बुवांनी कानडीत विचारलं, "रोट्टी?" कडक भाकरी पुढे आली. बुवांनी ती ताटावर वाजवून पाहिली, हसले आणि परत ठेवली. "भातानं मला झोप येते," ते म्हणाले, "उद्या सतार घेऊन झोपलो तर चालेल का?"

कमलम्मा उठली. डबा काखोटीला मारून तिनं स्वतः रस्ता ओलांडला.

"अक्का, पाहुणा उपाशी हाय माझ्या घरी."

"पाहुण्याशी माझं भांडण न्हाय. अण्णांना पाठव. मास्तरांनाही आण, कागद-दौत घेऊन."

कमलम्मानं घरात जाऊन नवऱ्याला जे सुनावलं ते ऐकायला कुणाला कान टवकारावे लागले नाहीत. पाच मिनिटांत बसलिंगप्पा गिरणीच्या पायरीवर उभे होते आणि मास्तर त्याच देखण्या अक्षरात अर्ज मागे घेतल्याचं लिहीत होते. सही झाली.

"वाचा, अण्णा," अक्का म्हणाली.

बसलिंगप्पांनी वाचलं.

"मोठ्यानं. ऐकू येत न्हाय मला."

त्यांनी घसा खाकरून पुन्हा वाचलं. अक्कानं नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्या वेळी त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, माडीवरची कबुतरं उडाली, गल्लीतली माणसं दारात आली. बाई आपल्याला चारचौघांत नाचवतेय असं बसलिंगप्पांना जन्मभर वाटत राहिलं. तिला खरोखरच ऐकू आलं नव्हतं, हे एकट्या काशम्माला ठाऊक होतं, आणि ती बोलली नाही.

अक्कानं कुलूप काढलं, कमलम्माची ज्वारी दळून दिली आणि दळणावळ घेतली नाही.

रविवारी बुवांनी निरोप पाठवला की जिच्या पिठाची भाकरी खाल्ली ती बाई समोर बसल्याशिवाय मी तारा जुळवणार नाही. सात वर्षांत पहिल्यांदा गुरम्माक्का माडी चढली. धुतलेलं लुगडं नेसून, काशम्माला शेजारी घेऊन, ती पहिल्या रांगेत बसली. बुवांनी आलाप सुरू केला. अक्काला बोटं सरकताना दिसली, बाकी काही नाही. आजूबाजूला माना डोलत होत्या. बसलिंगप्पा डोळे मिटून बसले होते. बुवा थांबले तरी थोडा वेळ डोलतच राहिले. तबला सुरू झाल्यावर तिला जमिनीतून थोडं काही कळलं. तिनं शेजारी बघितलं तर काशम्मा तोंड उघडं ठेवून ऐकत होती, आणि पोरीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ती का रडतेय हे अक्काला कळेना. घरात धाकटीला असलं काही आवडतं हेच तिला ठाऊक नव्हतं. मैफल संपेपर्यंत मग ती बुवांकडे न बघता पोरीकडेच बघत बसली.

मैफल संपली आणि बसलिंगप्पा आभार मानायला उठले. त्यांचे आभार अर्धा तास चालत. बारा वाजून गेले होते. अक्का भर सभेतून उठली, बुवांना हात जोडले आणि पोरीला घेऊन खाली उतरली. गिरणीपुढे डब्यांची रांग वळणापर्यंत गेली होती. काशम्मा नेहमीप्रमाणे पीठ भरायला खाली बसली. अक्का खटक्याकडे गेली आणि मागे फिरली. देवापुढच्या वातींच्या डब्यातला कापूस तिनं काढला, बोटांनी पिंजला आणि पोरीच्या दोन्ही कानांत घट्ट बसवला.

"काढायचा न्हाय," ती म्हणाली. "हितं असशील तवर काढायचा न्हाय."

काशम्मानं मान हलवली. अक्कानं खटका दाबला, आणि समोर माडीवर बसलिंगप्पांचे आभार अर्ध्यातच राहिले.