गुळवेलीचा काढा

आमच्या मळ्यातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलीये. कुणाला जरा कणकण वाटली की तिचा काढा, हे ठरलेलंच. चहाला कुणी औषध म्हणतं का? तसंच ते.

माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला जे लागतं, ते त्याच्या अंगात पुरेसं बनतच नाही. गुडघ्यात आतल्या आत रक्त साठलं की आठवडाभर पाय टेकवत नाही. चोवीस वर्षांचा घोडा झाला, पण फुलांची पाटीसुद्धा मी त्याला उचलू देत नाही. हा आजार मुलाला आईकडून येतो असं डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हापासून ह्यांनी मला ते एक दिवस विसरू दिलं नाही. बायको केली तीच रोगट, म्हणे!

गेल्या वर्षी एका मोठ्या हॉस्पिटलात जीन थेरपीच्या संशोधनासाठी पेशंट घेत होते. औषध एकदाच सलाईनमधून द्यायचं, मग लिव्हरच ते गोठवणारं द्रव्य बनवायला लागतं, असं पोराने मला समजावलं. जागा मोजक्याच होत्या. "आई, जमलं ना, तर मी एकटा ब्रह्मगिरी चढणार बघ," म्हणाला. मला वेडीला वाटलं, तपासणीआधी रक्त चांगलं दणकट करू. महिनाभर रोज सकाळी समोर उभी राहून पेलाभर काढा पाजला. तोंड वाकडं करायचा, पण प्यायचा बिचारा.

रिपोर्टमध्ये लिव्हरला सूज निघाली. फॉर्म भरताना 'दुसरं औषध काही नाही' असं मीच सांगितलं होतं. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "घरचं काही? काढा वगैरे? गुळवेलीनेही कुणाकुणाचं लिव्हर सुजतं." मी तोंड उघडणार, तोच पोरगा म्हणाला, "मीच प्यायचो मॅडम, मोबाईलवर बघून. घरी कुणाला माहीत नाय."

हे शेजारीच बसले होते. "गाढवा, हातानं वाटोळं केलंस!" एवढंच बोलले.

लिव्हर ताळ्यावर यायला दोन महिने गेले, तोवर जागा भरल्या. घरी मी त्याला म्हटलं, "मी सांगते ह्यांना खरं." त्याने माझा हात धरला. "राहू दे गं. आजार तुझ्यामुळे म्हणतात ना? हे तरी माझ्यामुळे असू दे."

बाप अजून त्याच्याशी बोलत नाही. आणि मी मेली अजून गप्प आहे.