पहिल्या बेसवर थोरली पाती, तिसऱ्यावर धाकटी

अख्खा हंगाम हरत आलेल्या संघाचा शेवटचा सामना बघायला कोणी पुण्याहून माळव्यात जाते का, असा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला. मी म्हटले, जिंकणाऱ्यांकडे सगळे जग जाते, त्यांना माझी गरज नाही. पराभूतांच्या मांडवात चार माणसे बसली पाहिजेत, हे माझे जुने मत आहे आणि ते मी अनेक सभांतून मांडले आहे. घरच्यांनी ते पुन्हा ऐकण्यापेक्षा माझे तिकीट काढून दिले.

बोलावणे देवासहून आले होते. तिथले माझे मावसभाऊ आबासाहेब शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळा जीव एका बेसबॉल संघात ओतला. माळव्यातल्या काही गावांनी मिळून छोटी व्यावसायिक साखळी सुरू केली आहे, खेळाडूंना मानधन मिळते. नियम कडक आहे: जो संघ तळाला राहील, तो बाहेर. तळाला दोघेच उरले होते, देवास आणि धार, आणि त्यांचा शेवटचा सामना एकमेकांशीच होता. हरलो तर संघ गेला, असे आबासाहेब फोनवर म्हणाले. मग म्हणाले, "आक्कासाहेब, आपल्या वाणीत जोर आहे. आपण येऊन दोन शब्द बोलावेत."

दोन शब्द बोलायला मला कधीच जमलेले नाही, पण मी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुण्याहून इंदूरला रेल्वे सोयीची, आरक्षण मात्र लवकर करा. इंदूरहून देवासला बस सारख्या सुटतात, तासाभरात पोचवतात. उतरल्यावर आधी पोहे खा. वर शेव, जिरावण नावाचा चटकदार मसाला आणि बाजूला जिलबी. आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळले की उपकार केल्यासारखे वाटते. इथे पोहे हे कर्तव्य आहे. पोहेवाल्याला मी सामन्याबद्दल विचारले. तो म्हणाला, "देवास की टीम? भिया लोग दौडते अच्छा हैं. पहुँचते नहीं." बाकावरचे दोघे मान खाली घालून हसले.

का पोचत नाहीत, ते मला टेकडीवर कळू लागले. देवासची टेकडी चुकवू नका. चढायचे नसेल तर रोपवे आहे. वर दोन देव्या आहेत, थोरली आणि धाकटी. त्या बहिणी, आणि त्यांचे भांडण झाले म्हणून एकमेकींकडे पाठ करून बसल्या, असे इथले लोक सांगतात. खाली गावातही एके काळी दोन राज्ये होती, दोन भावांची, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक कड एकाची, दुसरी दुसऱ्याची. संस्थाने केव्हाच विलीन झाली. मान विलीन झाला नाही.

तो मान बेसबॉलच्या मैदानावर उतरला आहे. हा खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: चेंडू फटकावायचा, पहिला, दुसरा, तिसरा असे बेस ओलांडत पुन्हा घरच्या बेसवर यायचे, की एक धाव. बेस सोडून असलेल्या धावणाऱ्याला चेंडू लावला की तो बाद, आणि तीन गडी बाद झाले की डाव संपला. धावणाऱ्याला चेंडू कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या बेसशेजारी संघाचा एकेक प्रशिक्षक उभा राहून त्याला "थांब" किंवा "धाव" सांगतो. देवासने पहिला बेस थोरल्या पातीला दिला, म्हणजे आबासाहेबांना. तिसरा धाकट्या पातीला, म्हणजे भैयासाहेबांना. हे भैयासाहेब बँकेतून निवृत्त झालेले, मिशीला पीळ असलेले गृहस्थ. मुख्य प्रशिक्षक कोण? दोघेही. एकाला केले असते तर दुसरा घरी बसला असता.

संध्याकाळच्या सरावात मी प्रत्यक्ष पाहिले. गोलू नावाचा संघातला सर्वांत वेगवान खेळाडू पहिल्या बेसवरून सुटला. आबासाहेब ओरडले, "दुसऱ्यावर थांब." समोरून भैयासाहेब दोन्ही हात फिरवत ओरडले, "अरे ये, ये, रुकू नकोस." गोलू दोघांचा मान राखण्यासाठी मधोमध उभा राहिला आणि बाद झाला.

"गोलू, कोणाचे ऐकतोस रे तू?" मी विचारले.

"बासाब दोई म्हारा है," तो घाम पुसत म्हणाला. बासाब म्हणजे इकडे वडीलधारे. "एक की सुनूं तो दूसरा बासाब घर पे शिकायत कर देवे."

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांकडे जेवण होते. भैयासाहेबही आले होते. दोघांची पाने समोरासमोर मांडली होती, कारण शेजारी मांडली असती तर उजवीकडे कोण हा प्रश्न आला असता. इथे मी बोलले. मला जे वाटते ते मी अर्धे बोलत नाही. म्हणाले, शत्रूने जेवढी राज्ये बुडवली त्याहून जास्त भावांनी बुडवली आहेत. तुमची पोरे उन्हात धावतात आणि तुम्ही दोघे वारस असल्यासारखे एका बेसवरून दुसऱ्या बेसकडे डोळे वटारता. उद्या हा संघ गेला तर आबासाहेबांची सकाळ रिकामी होईल आणि भैयासाहेबांची संध्याकाळ. मग भांडायलाही जागा उरणार नाही.

भैयासाहेबांच्या मिशीचा पीळ सैल झाला. ते उठून आबासाहेबांपाशी आले. "थोरल्या पातीचा मान आहे तो आहे. उद्या आपण म्हणाल तसे."

"छे छे," आबासाहेब म्हणाले, "तिसरा बेस आपला. आपल्या शब्दाबाहेर मी नाही."

आबासाहेबांच्या पत्नी, काकीसाहेब, यांनी पदराने डोळे पुसले. मी समाधानाने श्रीखंडाची दुसरी वाटी घेतली.

सकाळी संघाच्या बसने धारला निघालो. देवासहून इंदूरमार्गे जावे लागते. तुम्ही स्वतंत्र जात असाल तर इंदूरहून धारच्या बस भरपूर आहेत. धारचा लाल दगडाचा किल्ला बघा आणि एक दिवस मांडूसाठी ठेवा. किल्ला मी सामन्याआधीच उरकला, कारण नंतर मन लागणार नाही असे वाटत होते. धारकरांनी पाहुण्यांसाठी दाल-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, रांधले होते. "आधी जेवून घ्या, मग हरवतो," त्यांचे प्रशिक्षक म्हणाले. "रिकाम्या पोटी नात्यातल्या माणसाला हरवू नये." दोन्ही गावची जुनी घराणी एकाच कुळातली, त्यामुळे मैदानावरही निम्मे लोक एकमेकांचे भाऊबंद होते.

सामना रंगला. शेवटच्या डावात देवास एका धावेने मागे होता आणि दोन गडी बाद झाले होते. गोलू पहिल्या बेसवर. पुढच्या फलंदाजाने चेंडू असा टोलवला की तो कुंपणापाशी जाऊन लोळत राहिला. गोलू निघाला. दुसरा बेस मागे पडला, तिसरा आला. चेंडू अजून लांब होता. भैयासाहेबांनी नुसता हात फिरवला असता तर बरोबरी होती.

हात फिरला नाही. भैयासाहेबांनी मैदानापलीकडे आबासाहेबांकडे पाहिले आणि अदबीने मान झुकवली: आपण सांगावे. आबासाहेबांनी तिकडून दोन्ही हात जोडले: आधी आपण. भैयासाहेबांनी हात छातीशी नेला. गोलू तिसऱ्या बेसच्या दोन पावले पुढे थबकून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. "बासाब, कोई तो गाली दो," तो ओरडला. तेवढ्यात धारच्या खेळाडूने मागून येऊन त्याच्या पाठीला चेंडू लावला.

संघ गेला. परतीच्या बसमध्ये सगळ्यांनी मला पुढची एकटी जागा दिली. आबासाहेब खिडकीबाहेर गव्हाची शेते बघत होते. मी इंदूरला उतरताना एवढेच म्हणाले, "भांडत होतो तोवर निदान आवाज तरी येत होता, आक्कासाहेब."

पुण्याला येऊन मी यावर पुष्कळ विचार केला. एकीबद्दलचे माझे मत बदललेले नाही, पण त्याला आता एक पुरवणी जोडली आहे. एकी म्हणजे दोघांनी एकमेकांकडे बघत उभे राहणे नव्हे. एकाने ठरवावे, आणि तो चुकला तरी दुसऱ्याने त्याच्या पाठीशी उभे राहावे. हे मी त्या जेवणात बोलले नाही. बोलायला हवे होते.

परवा आबासाहेबांचा फोन आला. आवाजात धार परत आली होती. सौजन्य आधी कोणी सुरू केले यावरून दोघांत वाजले, आणि आता देवासमध्ये दोन संघ झाले आहेत, एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या पातीचा. मानधन नाही, साखळी नाही. दर रविवारी दोघे एकमेकांशी खेळतात. गोलू एका रविवारी इकडून, एका रविवारी तिकडून. बघायला अर्धे गाव लोटते. हंगामात एवढे कधीच आले नव्हते म्हणे.

"मग येऊ का बोलायला?" मी विचारले.

"बोलायला नको," आबासाहेब घाईने म्हणाले. "आम्हां दोघांना मान्य होईल असा पंच मिळत नाही. आपण पंच म्हणून या. पंचाला दोनच शब्द लागतात, आऊट आणि सेफ. आपल्याला जमेल का, एवढीच भैयासाहेबांना शंका आहे."