लेफ्ट बॅकची बारा तिकिटं

बारा मार्च, गुरुवार. सकाळचं काम होतं पाकिटं भरण्याचं. शनिवारी संध्याकाळी आमच्याच मैदानावर लीगची फायनल होती, आणि प्रत्येक खेळाडूला त्याच्या घरच्यांसाठी आठ तिकिटं द्यायची होती. स्टेडियममधल्या बाकीच्या जागांची तिकिटं मोबाइलवर विकली जातात, घरच्यांच्या ब्लॉकची मात्र अजून कागदीच असतात. सव्वीस खेळाडू, सव्वीस पाकिटं. पाकिटावर जर्सीचा नंबर, आत आठ तिकिटं, माझ्या वहीत सीट नंबर आणि समोर ज्याची त्याची सही. सत्ताविसावं पाकीट वेगळं होतं. त्यात चारच तिकिटं होती आणि वर मी तमिळमध्ये लिहिलं होतं, ‘धुण्याची शेड’.

या क्लबच्या ऑफिसात मला चौदा वर्षं झाली. नवऱ्याला मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मिरजेहून चेन्नईला आले आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर इथे चिकटले. फुटबॉलचं मला विशेष कधी काही वाटलं नाही. बस, हॉटेल, जेवण, तिकिटं हे माझं काम, आणि ते मी नीट करते. निदान त्या गुरुवारपर्यंत तसा माझा समज होता.

धुण्याच्या शेडमध्ये चार बायका आहेत. त्यांतली थोरली एन्नोरहून येते. तिच्या वस्तीत दोरीवर कपडा टाकला की संध्याकाळपर्यंत त्यावर वीज केंद्राची राख बसते, म्हणून घरच्या पांढऱ्या साड्याही ती इथेच आणून वाळवते, आणि मी तिकडे कधी बघत नाही. ती माझ्याही आधीपासून क्लबात आहे. मशिन आहेत, पण हिरवळीचा डाग मशिनला दाद देत नाही. तो ब्रशनेच काढावा लागतो, आणि तो तीच काढते. सामना चालू असताना या चौघी शेडमध्येच असतात, कारण हाफटाइमला ओल्या जर्सींचा ढीग खाली येतो.

आम्ही फायनलला पोचलो त्या दिवशी ती मला म्हणाली, “मॅडम, हे कपडे मी आजवर बादलीतच बघितलेत. माणसांच्या अंगावर पळताना एकदा बघू दे की.”

मी शब्द दिला. चौघींना चार खुर्च्या. त्या दिवशीचे हाफटाइमचे कपडे दुसरं कुणीतरी बघेल.

अकराच्या सुमाराला आमचा लेफ्ट बॅक आला. हा पोरगा कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळत वर आलेला, पायाने चांगला आणि जिभेने त्याहून चांगला. चेन्नईत मला सगळेच अक्का म्हणतात, रिक्षावाल्यापासून मैलापूरच्या माझ्या भाजीवालीपर्यंत. पण याच्या ‘अक्का’च्या मागून मराठी यायची, तीही माझ्या माहेरच्या बाजूची.

“अक्का, एक अडचण हाय.”

“आठ मोजून घे आणि सही कर. अडचण बाहेर सांग.”

“आठ फुरत न्हाईत ओ. आई येनार हाय. मामा, मामी, आनि तालमीतलं आमचं वस्ताद. मामा तर काल येऊन एग्मोरला लॉजवर उतरलाय. आईनं उभ्या जन्मात मला स्टेडियममधी खेळताना बघितलेलं न्हाई. चारच द्या, अक्का. तुमीच न्हाई दिली तर ह्या गावात आपलं कोन हाय?”

बाकीच्या आठांचा हिशेब मी त्याला विचारला नाही. विचारायला हवा होता. दुसरा कुणी असता, तर “नाही” म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण त्याने ‘वस्ताद’ म्हटलं, आणि मला मिरजेच्या आमच्या गल्लीतली तालीम दिसली. बावन्न वर्षांची बाई, रोज दहा जणांना नकार देण्याचा पगार घेते, आणि एका शब्दाला विरघळली. मी सत्ताविसावं पाकीट उघडून चार तिकिटं त्याच्या हातावर ठेवली. वहीत त्याच्या नावासमोर आठाचे बारा केले. सही त्याने हसत हसत केली.

शुक्रवारी मी शेडमध्ये जाऊन सांगितलं, की तिकिटं कमी पडली, पण या तुम्ही, मी काहीतरी करते. थोरलीने ब्रश थांबवून माझ्याकडे बघितलं. “साड्या घेतल्यात आम्ही,” एवढंच म्हणाली.

शनिवारी दुपारी जेवण झालं की खेळाडूंचे फोन जमा करायचे, हा कोचचा नियम आहे. सगळे फोन एका कापडी पिशवीत भरतात आणि ती पिशवी माझ्या लोखंडी कपाटात ठेवतात. तीन वाजल्यापासून कपाट घोंघावायला लागलं. पहिला अर्धा तास मी लक्ष दिलं नाही. मग वाटलं, कुणाची म्हातारी माणसं स्टेशनवर अडकली असतील, म्हणून पिशवी टेबलावर ओतली. पडदे पेटत होते, विझत होते, आणि त्यांवरचे निरोप काही न उघडता वाचता येत होते.

‘ब्रो, कुठलं गेट?’

‘आधार कार्ड बघतात का?’

‘भाई, अजून दोन मिळतील?’

आणि लेफ्ट बॅकच्या फोनवर, ओळीने तीनदा: ‘गेटवर विचारलं तर नातं काय सांगायचं?’

घरच्या माणसांना नातं विचारावं लागत नाही.

खेळाडू तिकिटं विकतात हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सगळ्यांना माहीत असतं. पण माझं काम पाकिटावर सही घेण्याचं, पुढे त्याचं काय होतं ते बघण्याचं नाही, अशी मी स्वतःची सोय लावून घेतली होती. तेवढ्यात त्याच फोनवर ‘आई’ असं आलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मी उचलला.

“कोन बोलायलंय?”

“क्लबच्या ऑफिसातून बोलतेय. फोन जमा असतात आत्ता. तुम्ही कुठल्या गेटपाशी आहात?”

“अगं बाई, मराठी! कसलं गेट? मी घरात हाय की, टीव्हीफुडं बसलोय. अख्खी गल्ली आलीया. त्याला एवढं सांगा, अंबाबाईला नारळ फोडलाय म्हनावं.”

“तुम्ही इकडे येणार होता ना?”

“येनार हुतो ओ. पन पोरगं म्हनलं, तिकिटं मिळंनात. ऑफिसातली बाई लई खडूस हाय, एक तिकीट जास्त सोडत न्हाई.” मग जरा थांबून, “तुमीच व्हय त्या?”

“मीच.”

“असू दे, असू दे,” ती घाईने म्हणाली. “नियम म्हंजे नियमच की. कुनीतरी खडूस पायजेच.”

मी तिला काही सांगितलं नाही. तिच्यावर दया आली म्हणून नव्हे. माझं भांडण तिच्याशी नव्हतं, आणि माझ्याकडे वेळही नव्हता.

साडेपाचला ब्लॉकचं दार उघडलं. मी सीटचा नकाशा आणि वही घेऊन दाराशी उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, कुणाकडून आलात. खरी माणसं लगेच ओळखू येतात. ती डबे घेऊन येतात, पोरांना ओढत येतात आणि खेळाडूला त्याच्या घरातल्या नावाने सांगतात. बाकीचे नुसता जर्सीचा नंबर सांगतात. मी एकेका सीटवर खूण करत गेले.

लेफ्ट बॅकच्या जास्तीच्या चार सीटवर चार दांडगे पुरुष आले. गळ्यात समोरच्या संघाचे लाल स्कार्फ.

“नातं काय?” मी विचारलं.

“मी मामा,” पहिला म्हणाला.

“मी मामी,” दुसरा म्हणाला.

तिसऱ्याला छातीपर्यंत दाढी होती. त्याने चौथ्याच्या खांद्यावर हात टाकला. “आणि मी याची आई. मॅडम, भरपूर मोजलेत आम्ही. जरा सरका.”

मी क्लबच्या मॅनेजरला बोलावलं. तिकिटाच्या मागे छापलंय की हे दुसऱ्याला देता येत नाही, या चौघांना बाहेर काढा, म्हटलं. त्याने एक नजर स्कार्फवर टाकली, एक घड्याळावर.

“मॅडम, वर्षानुवर्षं हे चाललंय, आणि वर्षानुवर्षं तुमचीच वही आहे. आजच काय झालं?”

तो निघून गेला आणि चौघे आत जाऊन बसले. आजच काय झालं, याचं उत्तर सहाच्या सुमाराला गेटबाहेर येऊन उभं राहिलं. चौघींनी क्लबच्या रंगाच्या निळ्या साड्या नेसल्या होत्या, एकसारख्या. ओल्या पदराशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मी सिक्युरिटीच्या माणसाला म्हटलं, पायऱ्यांवर बसतील. तो म्हणाला, फायनल आहे, तिकिटाशिवाय मुंगी सोडणार नाही. मी म्हटलं, यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एक मोजा मैदानावर जात नाही. तो म्हणाला, मग शेडमध्ये जाऊ देत, त्यांचा पास तिथला आहे.

माझ्याकडे ब्लॉकच्या दाराशी माझी स्वतःची एक प्लास्टिकची खुर्ची होती. ती मी माझ्या पाससकट थोरलीला देऊ केली. “अम्मा, तुम्ही तरी बसा. मी उभी राहीन.”

“चौघी आलोय,” ती म्हणाली. “एकीने बसून काय करायचं?”

तिने फाटकाच्या गजांतून आत बघितलं. तिथून फक्त स्टँडची पाठ दिसते. मग चौघी बस स्टॉपकडे वळल्या. एकीने केसांतला गजरा काढून पर्समध्ये टाकला.

सामना आम्ही पेनल्टीवर जिंकलो. शेवटची पेनल्टी लेफ्ट बॅकनेच मारली. घरच्यांच्या ब्लॉकमध्ये अर्धे लोक डोक्याला हात लावून बसले होते, ते बघून टीव्हीवाले गोंधळले असतील. मी टाळी वाजवली नाही. वहीत खुणा करत होते.

रविवारी सकाळी सातला मी ऑफिसात होते. आदल्या दिवशीचे कपडे आले होते, म्हणून शेडही उघडी होती. मी आधी तिथे गेले आणि काय झालं ते थोरलीला सरळ सांगितलं: तिकिटं कमी पडली नव्हती, तुमची चार मी त्याला दिली, त्याने विकली.

ती त्याचीच जर्सी घासत होती. गुडघ्याएवढा हिरवा डाग.

“तो चोर आहे,” मी म्हटलं.

“असेल. पण त्याने मला कधी काही कबूल केलं नव्हतं, मॅडम. शब्द तुमचा होता. शुक्रवारी खोटं बोललात तेही तुम्हीच.” तिने डागावर पाणी ओतलं. “तुमच्या भाषेचा पोरगा म्हणून दिलीत ना? आम्हाला इथे दिसतं सगळं.”

मी ऑफिसात परत आले आणि यादी लिहायला बसले. जर्सीचा नंबर, घेतलेली तिकिटं, त्यांवर घरची म्हणून बसलेली माणसं. सव्वीसपैकी नऊ जणांचीच सगळी माणसं खरी होती. लेफ्ट बॅकसमोर लिहिलं: बारा, शून्य. ही यादी पत्रासोबत मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. एक प्रत सरावाच्या वेळा लावतात त्या फळ्यावर लावत होते, तेवढ्यात लेफ्ट बॅक आला. हातात मिठाईचा डबा, केसांत कालच्या सोनेरी कागदाचे तुकडे.

“अक्का, तोंड गोड करा!” मग त्याने यादी वाचली. “हे काय ओ? सगळीच विकत्यात. मी एकटा हाय व्हय?”

“एकटा नाहीस. सतरा जण आहेत. मोज.”

“माझी तिकिटं हुती. आमचं करिअर किती वर्षांचं असतंय, अक्का? उद्या गुडघा गेला तर कोन बघतंय?”

“आठ तुझी होती. चार तुझ्या गुडघ्याचे डाग धुणाऱ्या बायकांची होती. आणि तुझी आई टीव्हीवर बघत होती. नारळ फोडलाय, असं सांगितलंय तिने.”

त्याचा चेहरा उतरला. “आईला सांगितलं तुमी?”

“नाही. ते तुझं काम. आणि आजपासून मला मॅडम म्हणायचं.”

“आपल्याच मान्साचं नाव असं भिंतीला लावता, मॅडम?”

“सगळ्यात वर कुणाचं आहे ते वाच.”

पहिल्या ओळीत माझं नाव होतं. तिकिटं चार, शेडच्या बायकांच्या वाट्याची, ऑफिसने परस्पर दिली. तो डबा तसाच घेऊन गेला.

फळ्यावरची यादी इंग्रजीत होती. शेडमधल्या बायका इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून तीच मी तमिळमध्ये पुन्हा लिहिली, पहिल्या ओळीसकट, आणि शेडच्या दारावर चार पिना मारून लावली. थोरली हात पुसत आली. बोट ठेवत ठेवत तिने सगळी यादी वाचली, मग पुन्हा वरच्या ओळीवर आली.

“पुढच्या वर्षी पहिलं पाकीट तुमचं,” मी म्हटलं. “खेळाडूंच्या आधी. तुमच्या हातात.”

“पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू,” ती म्हणाली. “आता दारातून सरका. बादली बाहेर काढायचीय.”

मी सरकले.